ओस पडलेल्या घरांतील सामान कोणाचें?

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी आईबापांबरोबर कोंकणांतील आपापल्या गांवीं जातात. आंबे-फणस खावे, समुद्रावर जावें, आणि दुपारीं वडील माणसांचा डोळा लागला असतां गांवाच्या मागील अंगास असलेल्या एखाद्या पडक्या घरांत शिरावें, हा मुलांचा नित्याचा क्रम असतो. असें एखादें घर बहुतेक गांवांत असतेंच. पूर्वीं तें खोताचें किंवा एखाद्या मोठ्या शेतकरी कुटुंबाचें असतें. अंगणांत गवत माजलेलें, दाराचें कुलूप गंजून गळून पडलेलें. पण आंतील सामान मात्र पुष्कळसें जागच्या जागीं असतें. तें पाहून मनांत सहज प्रश्न येतो कीं, यांतलें कांहीं आपण घ्यावें काय? वडील माणसांना विचारावें तर दोन तऱ्हेचीं उत्तरें मिळतात. कोणी म्हणतात, "तो सगळा केरकचरा आहे, त्याला हात लावूं नका." दुसरे कोणी म्हणतात, "पितळेची समई असेल तर उचलून आणा. शहरांत अशा वस्तूंना हल्लीं चांगली किंमत येते." मला हीं दोन्हीं उत्तरें चुकीचीं वाटतात, आणि तीं कां चुकीचीं आहेत तें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें घर ओस कां पडलें तें पाहूं. मुंबईंत १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या काळांत रत्नागिरी जिल्ह्यांतील हजारों माणसें तेथील गिरण्यांत, गोदींत व कचेऱ्यांत कामाला लागलीं. आरंभीं घरांतील कर्ता पुरुष तेवढा जाई. टपालखात्यानें १८८० सालीं मनीऑर्डरीचें काम हातीं घेतलें. तेव्हांपासून पोस्टमन आणील त्या पैशांवर कित्येक घरांच्या चुली पेटत राहिल्या. पुढें बायकामुलें शहरांत गेलीं, आणि शेवटीं मागें राहिलेली आजी वारली म्हणजे दाराला कुलूप लागलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली व गांव जवळ आलें. परंतु गणपतीपुरतें उघडणारें घर वर्षभर नांदतें होत नाहीं. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, पणजोबांच्या एका नांवाच्या जागीं आज कागदोपत्रीं वीस-पंचवीस वारसांचीं नांवें लागलेलीं असतात. घर सर्वांचें, म्हणून दुरुस्तीचा खर्च कोणाचाच नाहीं. आणि सर्वांची सही मिळाल्यावांचून तें विकतांहि येत नाहीं. वैर नसतां, वाद नसतां, केवळ नात्यांच्या गुंत्यांत सांपडून असें घर पडून राहतें.

माणूस गेला कीं घरहि फार दिवस टिकत नाहीं. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं दर वर्षीं घराची शाकारणी करावी लागते. ती एक वर्ष चुकली तर सरकलेल्या कौलांतून पाणी वांशांवर गळूं लागतें. चुलीचा धूर बंद झाला कीं लांकडाला कीड धरते. जमीन सारवणारा हात थांबला कीं वाळवी वर येते. ज्या घरांत पांच-सहा पिढ्या नांदल्या, तें घर थोड्याच पावसाळ्यांत मातीस मिळूं लागतें. म्हणून या प्रश्नाचा विचार सावकाश केला तरी चालेल असें नाहीं. पुढच्या सुटींत आपण जाऊं तेव्हां आज उभी असलेली भिंत उभी असेलच, याची खात्री कोणीं द्यावी?

आतां आंत पाऊल टाकूं. पण घेण्यासाठीं नव्हे, वाचण्यासाठीं. घर वाचतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. वर मंगळुरी कौलें दिसतात, तीं एके काळीं समुद्रमार्गानें गलबतांतून येत. खालीं पडलेलें एखादें कौल उलटून पाहावें. त्यावर कारखान्याचें नांव उमटलेलें असतें. कांहीं कौलांवर बासेल मिशनचें नांव आणि १८६५ हा आंकडा दिसतो, तर कांहींवर आल्बुकर्क कंपनीचें नांव आणि १८६८ हा आंकडा दिसतो. पाहणारा मुलगा लगेच म्हणतो कीं, हें घर १८६५ सालचें! परंतु तसें नव्हे. तो आंकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. कौल त्यानंतर कितीहि वर्षांनीं भाजलेलें असूं शकेल. तथापि तें कौल त्या सालापूर्वींचें नाहीं, एवढें निश्चित. शिवाय बासेल मिशनचे हे कारखाने पहिल्या महायुद्धानंतर दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यावरून मिशनच्या नांवाचें कौल बहुधा त्या युद्धाच्या आधींचें असावें, असें अनुमान करतां येतें. पाहा, एका फुटक्या कौलानें आपणांस किती शिकविलें! जें दिसतें त्यावर एकदम विश्वास ठेवूं नये, पण जें दिसतें तें टाकूनहि देऊं नये, हा इतिहासाचा पहिला धडा तेथेंच मिळाला.

भिंतीवर कांचेच्या चौकटींत लक्ष्मीचें किंवा सरस्वतीचें रंग उडालेलें चित्र असतें. चित्रकार राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा छापखाना काढला आणि पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. त्या छापखान्यामुळें राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतील देवता शेतकऱ्यांच्या माजघरांत आल्या. त्या चित्राखालीं पत्र्याची एखादी ट्रंक असते. तिच्यावर मालकाचें नांव व मुंबईचा पत्ता रंगविलेला असतो. चित्र आणि ट्रंक हीं निरनिराळीं विकावयास काढलीं तर त्यांचे चार पैसे येतील. परंतु एकाच भिंतीशीं तीं एकत्र पाहिलीं म्हणजे गांव आणि मुंबई यांचें नातें डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तूचा निम्मा अर्थ तिच्या जागेंत असतो. जागा सुटली कीं तो अर्थ सुटला, आणि मग तो कितीहि पैसे मोजून परत मिळत नाहीं.

याचें याहूनहि मोठें उदाहरण म्हणजे धान्य मोजण्याची पायली. किलोग्रॅम व लिटर शिकलेल्या विद्यार्थ्यांना हें माप ठाऊक नसतें. चार शेरांची एक पायली, बारा पायलींचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी, हें कोष्टक त्यांचे आजोबा तोंडपाठ म्हणत. १९५६ सालीं वजनेंमापें दशमान करण्याचा कायदा झाला, १९५७ च्या एप्रिल महिन्यापासून नाणींहि दशमान झालीं, आणि जुनें माप हळूहळू अडगळींत गेलें. तें माप हातीं आलें म्हणजे आपण कुतूहलानें पाहतों व खालीं ठेवतों. पण क्षणभर थांबून विचारावें कीं, हें माप कोणाच्या घरांत सांपडलें? कुळाच्या झोंपडींत सांपडलें असेल, तर तें पावसाळ्यांत पेजेपुरतें भात उरेल कीं नाहीं याचा हिशेब सांगतें. तेंच माप खोताच्या ओटीवर सांपडलें असेल, तर त्याची कथा अगदीं वेगळी आहे.

खोत म्हणजे सरकारासाठीं गांवचा सारा वसूल करणारा मध्यस्थ. कुळानें चिखलांत राबून पिकविलेल्या भाताचा कोठें निम्मा, कोठें तिसरा हिस्सा खोताच्या खळ्यांत जाई. शिवाय पुष्कळ गांवीं वेठबिगारहि करावी लागे. मापें ठिकठिकाणीं लहानमोठीं असत. अशा स्थितींत माप कोणाच्या हातीं आहे, या प्रश्नावर एखाद्या घरचें वर्षभराचें अन्न अवलंबून असे. याच जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी गांवच्या व आसपासच्या शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ सालीं संप पुकारला, आणि तो १९३९ पर्यंत चालला. जमीन पडीक राहिली, घरांत धान्य नव्हतें, तरी त्यांनीं माघार घेतली नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें खोती रद्द झाली. आपण ज्या मोठ्या घराच्या मोडक्या ओटीवर उभे असतों, तें ओस पडण्याचें एक कारण हेंहि असूं शकतें.

म्हणूनच मला असें म्हणावयाचें आहे कीं, जुन्या घराकडे केवळ हळव्या मनानें पाहणें पुरेसें नाहीं. 'काय तो थाट, काय ते दिवस!' असें म्हणून उसासे टाकणारा मनुष्य अर्धेंच घर पाहतो. ओटीवर कोण बसे आणि अंगणांत कोण हात जोडून उभा राही, हेंहि त्या घराला ठाऊक आहे. आपल्या वर्गांत शेजारीं शेजारीं बसणाऱ्या दोन मुलांपैकीं एकाचे पणजोबा त्या ओटीवर बसलेले असतील आणि दुसऱ्याचे त्या अंगणांत उभे राहिलेले असतील. त्या मापावर दोघांचाहि हक्क सारखाच आहे. एकाचा वारसा म्हणून, दुसऱ्याचा पुरावा म्हणून. तें माप जर कोणी शहरांत नेऊन दिवाणखान्यांत फुलदाणी म्हणून ठेवलें, तर वारसाहि गेला आणि पुरावाहि गेला.

हीच गोष्ट जात्याची. माजघरांतील जातें जड असल्यानें बहुधा कोणी नेत नाहीं. त्याची वरची तळी हातानें चांचपून पाहावी. ती झिजलेली असते, खुंटाहि हात लागून लागून गुळगुळीत झालेला असतो. ही झीज कोणत्याहि दप्तरांत लिहिलेली नाहीं. घरच्या कागदांत पुरुषांचीं नांवें असतात, जमिनीचे दाखले असतात, देण्याघेण्याचे आंकडे असतात. पण पहाटे उठून घरांतील सगळ्यांचें दळण दळणाऱ्या बायकांची नोंद फक्त त्या दगडावर आहे. त्या दळतांना ओव्या गात, आणि माहेर, मूल, दुःख, देव हें सर्व त्यांत येई. गांवांत पिठाची गिरणी आली आणि कष्ट वांचले, हें चांगलेंच झालें. परंतु ओवी गाण्याची वेळहि त्याबरोबर गेली. हेमा राईरकर व गी प्वातवां या अभ्यासकांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांनीं केलें काय? म्हाताऱ्या बायकांच्या शेजारीं बसून त्यांना आदरानें विचारलें, आणि त्या जें म्हणाल्या तें जपून ठेवलें. हें काम करावयास पैशापेक्षां कान अधिक लागतात.

आतां कागदांविषयीं. माळ्यावर किंवा फडताळांत फडक्यांत बांधलेलें एखादें दप्तर सांपडतें. अक्षर मोडी असतें, म्हणून घरांत कोणाला वाचतां येत नाहीं. आणि वाचतां येत नाहीं म्हणून तें निरुपयोगी ठरतें. साफसफाईच्या दिवशीं असलीं दप्तरें बंबांत जातात. पालकांनीं कृपा करून हें टाळावें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं आयुष्यभर पायपीट करून जुन्या घरांतून असेच कागद मिळविले. वाई येथें सांपडलेल्या पत्रांवरून त्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि एकंदर बावीस खंड छापले गेले. त्यांच्याच पुढाकारानें १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. राजवाडे यांच्याआधीं तीं पत्रें ज्यांच्या घरीं होतीं, त्यांनीं तीं निदान जाळलीं नाहींत, हा त्या घरांचा आपल्यावर केवढा उपकार! आपल्या घरच्या दप्तरांत पानिपतची हकीकत नसेल; एखादें गहाणखत असेल, एखादी पावती असेल, मुंबईहून आलेलें खुशालीचें पत्र असेल. परंतु दुष्काळांत जमीन कोणी गहाण टाकली आणि ती कोणी सोडविली, हेंहि इतिहासाचेंच साधन आहे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, "घर तर पडणारच आहे, मग वस्तु तेथें वाळवीला देण्यापेक्षां कोणी नेली तर काय बिघडलें? दिनकर केळकर यांनीं नाहीं कां जुन्या वाड्यांतून वस्तु आणल्या?" हा आक्षेप खोटा नाहीं, त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं गांवोगांव फिरून दिवे, अडकित्ते, भांडीं, कोरीव दारें अशा हजारों वस्तु जमविल्या, आणि त्यांचा संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तो आज कोणासहि पाहतां येतो. त्यांनीं त्या वस्तु आणल्या नसत्या, तर त्यांतील कित्येक भंगारांत वितळून गेल्या असत्या. परंतु त्यांच्यांत आणि गुपचूप समई उचलणाऱ्यांत फार अंतर आहे. त्यांनीं स्वतःच्या पैशानें घेतलें आणि शेवटीं सर्वांना दिलें. हा फुकट घेतो आणि स्वतःपुरतें ठेवतो. वस्तु कधींच हलवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. माझें म्हणणें क्रमाविषयीं आहे: आधीं विचारावें, मग लिहावें, आणि हलवावयाचेंच असेल तर सर्वांत शेवटीं हलवावें. आज होतें तें नेमकें उलट. आधीं वस्तु हलते, मग ती विकली जाते, आणि ती कोठली होती हें विचारावयास कोणी उरत नाहीं.

'घर ओस आहे, म्हणजे मालक नाहीं' ही समजूतहि चुकीची आहे. दार मोडलें म्हणून मालकी मोडत नाहीं. मालक मुंबईस असो वा परदेशीं असो, विचारल्यावांचून घेणें याला चोरी हेंच नांव आहे. कायद्याचेंहि या बाबतींत कांहीं म्हणणें आहे. १८७८ च्या निधि-कायद्याप्रमाणें जमिनींत किंवा जमिनीस जोडलेल्या वास्तूंत दडलेलें द्रव्य दहा रुपयांहून अधिक किंमतीचें सांपडलें, तर सांपडणारानें तें जिल्हाधिकाऱ्यांस कळविलें पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुन्या मूर्ति, चित्रें, कोरीव काम इत्यादि वस्तु, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनीं महत्त्वाचीं हस्तलिखितें, कोणाहि खासगी इसमाला देशाबाहेर पाठवितां येत नाहींत. पण मुलांना कायद्याचा धाक दाखवावा असें मला वाटत नाहीं. पाहणारें कोणी नसतां हात आवरणें, यासारखी सचोटीची परीक्षा दुसरी नाहीं, आणि ओस घर ही त्या परीक्षेची उत्तम जागा आहे.

असो. केवळ 'हें करूं नका' असें सांगून शिक्षकाचें काम संपत नाहीं. काय करावें तेंहि सांगितलें पाहिजे. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवच्या एका जुन्या घरांतील एकच वस्तु निवडावी. पडकें घर धोक्याचें असतें. कुजलेला माळा, मोकळी विहीर आणि सापविंचू यांना वयाची दया नसते. म्हणून एकट्यानें जाऊं नये. घरच्या मंडळींची परवानगी आणि वडील माणसाची सोबत घ्यावी. वस्तूचें चित्र काढावें किंवा छायाचित्र घ्यावें. मग गांवांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन तिचें नांव विचारावें. नांव फार महत्त्वाचें आहे. घिरट, इरलें, कणगी, रोवळी हे शब्द आज किती मुलांना समजतील? वस्तु संग्रहालयांत ठेवतां येईल. पण तिचें नांव ठाऊक असलेली आजी संग्रहालयांत ठेवतां येत नाहीं. ती वस्तु घरांत कोठें होती, ती कोण वापरी, ती वापरणारास घरांत येऊं देत कीं नाहीं, आणि ती केव्हां व कां बाजूस पडली, एवढें एका पानावर लिहावें, व ज्यांनीं सांगितलें त्यांचें नांव खालीं घालावें. अशीं पानें एकत्र बांधून शाळेच्या ग्रंथालयांत ठेवलीं, तर दहा वर्षांत जो ग्रंथ तयार होईल तो विकत कोठेंहि मिळणार नाहीं.

पालकांस दोनच विनंत्या. पहिली ही कीं, मोडी कागद फेंकण्यापूर्वीं ते एखाद्या जाणकारास दाखवावे. दुसरी याहून कठीण आहे. मूल जेव्हां विचारील कीं, "बाबा, आपल्या ओटीवर तेव्हां कोणाला बसूं देत नव्हते?" किंवा "आजोबांना त्या अंगणांत कां उभें राहावें लागे?" तेव्हां त्याला गप्प करूं नये. ठाऊक असेल तितकें खरें सांगावें. पूर्वजांचा मान सत्य सांगितल्यानें कमी होत नाहीं. आणि ज्यांनीं सोसलें त्यांचा मान तर तें सांगितल्यावांचून राखलाच जात नाहीं.

तेव्हां ओस घरांतील सामान कोणाचें, या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. कायद्यानें तें वारसांचें आहे, आणि त्यांना विचारल्यावांचून त्याला कोणीं हात लावूं नये. परंतु त्या सामानांतील हकीकत ही मात्र त्या गांवांत राबलेल्या, दळलेल्या, नांदलेल्या आणि सोसलेल्या सर्वांच्या मुलाबाळांची आहे. समई एकालाच नेतां येते; हकीकत सर्वांना नेतां येते, आणि ती नेल्यानें घर रिकामें होत नाहीं.